होतंय की!

अप्पांच्या घरात कुठल्याही वस्तूला नेमून दिलेलं काम करायची मुभा नाही. स्क्रूड्रायव्हरने रंगाचे डबे उघडायचे, पकडीने अक्रोड फोडायचे. पायमोजे जुन्या फ्रिजच्या मागच्या जाळीवर वाळतात. इस्त्री उलटी करून दोन जाड पुस्तकांच्या मध्ये उभी केली की तिच्यावर पापड भाजतो, असं अप्पा म्हणतात. मी खाल्लाय. कडेने कच्चा असतो.

सोड्याची बाटली ते खिडकीच्या गजावर आपटून उघडतात. "अहो, ओपनर आहे ना ड्रॉवरमध्ये!" काकू दर वेळी ओरडतात.

"तो कुंडी उकरायला लागतो."

तुमच्या इमारतीत असा कुणी नसेल, तर एकदा घरच्यांना विचारून बघा.

अप्पांची दोन वाक्यं ठरलेली. वस्तू हातात असताना "होतंय की!" आणि ती मोडल्यावर "दावा ठोकू." मी शेजारी राहतो आणि वकील आहे, त्यामुळे दुसरं वाक्य थेट माझ्या दारात येतं. मागे असेच आले, कोपराला पट्टी बांधून. मिक्सरमध्ये विटांचे तुकडे बारीक करत होते. गुलाबांना म्हणे निचरा हवा होता. पातं तुटलं आणि झाकणासकट उडालं.

"अप्पा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ८७ वाचा. वस्तूचा गैरवापर केला असेल, तिच्यात फेरफार केला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन दायित्वाचा दावा लावता येत नाही."

"विक्रेत्यावर ना? मी कंपनीवर लावतो. तुझंच कलम ८४. चुकीच्या वापराबद्दल पुरेशी सूचना दिली नसेल, तर उत्पादक जबाबदार. विटा घालू नका, असं कुठे लिहिलंय?"

हाच तो वैताग. अप्पा वाचून येतात.

"त्याच कलम ८७ मध्ये पुढे आहे. जो धोका उघड आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, त्याची सूचना दिली नाही म्हणून उत्पादक अडकत नाही."

"सगळ्यांना ठाऊक असेल. मला नव्हता."

वापरणारा दारूच्या अमलाखाली असला तरी सूचना नव्हती ही तक्रार टिकत नाही, अशीही त्यात तरतूद आहे. पण अप्पा सुपारीसुद्धा खात नाहीत, त्यामुळे कंपनीची तीही वाट बंद.

खरं सांगायचं तर कायदा अप्पांना काकूंपेक्षा जास्त समजून घेतो. अमेरिकेतल्या विधिज्ञांनी १९६५ साली उत्पादनांच्या जबाबदारीचे नियम लिहिले, तेव्हा अयोग्य हाताळणीचं उदाहरण म्हणून चक्क खोली गरम करायच्या रेडिएटरवर आपटून उघडलेली बाटली घेतली. अशाने इजा झाली तर विक्रेता जबाबदार नाही. हे ऐकून अप्पा हिरमुसले. मग मी मेरीलँडचा १९७५ चा निकाल सांगितला. तिथल्या एका मुलीने मेणबत्तीला सुगंध यावा म्हणून पेटत्या वातीच्या खाली कोलोन ओतलं, भडका उडाला आणि शेजारी उभी असलेली मैत्रीण भाजली. कोर्ट म्हणालं, नेमकी हीच करामत कुणी करेल हे कंपनीला सुचायची गरज नाही. घरात कोलोन ज्योतीच्या जवळ येऊ शकतं, एवढं कळायला हवं होतं आणि तशी सूचना द्यायला हवी होती.

"मेणबत्तीला वास नव्हता, तिने आणला," अप्पा म्हणाले. "हुशार पोरगी." भाजलेल्या मुलीची चौकशी काकूंनी केली.

थोडक्यात, कारखान्यात बसलेल्या इंजिनियरने डोळ्यांपुढे अप्पा आणायचे आणि मगच मिक्सर बनवायचा. त्या बिचाऱ्याची मला दया येते.

पण अप्पा खरे खुलले ते प्रिंटरवरून. ते कार्ट्रिजमध्ये इंजेक्शनच्या सुईने शाई भरतात आणि प्रिंटर लाल दिवा लावून बसतो. त्यांना मी अमेरिकेतला १९४२ चा मॉर्टन सॉल्टचा खटला सांगितला. डबाबंद पदार्थांत मिठाच्या गोळ्या टाकायच्या यंत्राचं पेटंट त्या कंपनीकडे होतं आणि यंत्र भाड्याने देताना अट होती, गोळ्या आमच्याच घ्यायच्या. गोळ्यांवर पेटंट नव्हतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हा पेटंटचाच गैरवापर. तो चालू आहे तोवर यंत्राची नक्कल करणाऱ्याविरुद्धही तुम्हाला मदत मिळणार नाही. आपल्या पेटंट कायद्याचं कलम १४० सुद्धा अशा अटी मोडीत काढतं.

"म्हणजे कंपनीही गैरवापर करते!" अप्पा उठून उभेच राहिले. "अगं, ऐकलंस का?"

"अप्पा, अट करारात असावी लागते. नुसता लाल दिवा म्हणजे अट नव्हे. आणि अमेरिकेत २००६ साली शाईचाच खटला झाला, त्यात..." अप्पा तोवर जिन्यात होते. पेटंट आहे एवढ्यावरून बाजार कंपनीच्या मुठीत आहे असं धरता येत नाही, हे त्या खटल्यातलं वाक्य मी काकूंना ऐकवलं. त्या निवडलेली मेथी चिरत होत्या.

विटांचा दावा अर्थातच झाला नाही. नवा मिक्सर आला, सोबत जाडजूड माहितीपत्रक. 'हे करू नका' हे पान काकूंनी मोठ्याने वाचलं आणि म्हणाल्या, "हे तर तुमचं चरित्रच छापलंय."

अप्पांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि करून झालेल्या गोष्टींपुढे खुणा केल्या. उरलेल्या दोन-तीन ओळींवर बराच वेळ पेन्सिल टेकवून म्हणाले, "ह्या मात्र सुचल्या नव्हत्या."