घरचा भेदी, वय वर्षं साडेतीन

ऐकलंत का? पहिला दात, पहिलं पाऊल वगैरे कौतुकं आता जुनी झाली म्हणे. सध्या ज्याच्या त्याच्या स्टेटसला एकच विषय: आमचं बाळ बघा कसं मोठ्यांसारखं बोलतं! एक चिमुरडी, दोन्ही हात कमरेवर, सोफ्यापाशी अडकलेल्या सायकलकडे बघत म्हणते, "माझं मेलं नशीबच फुटकं!" खाली बदामांचा पाऊस. अहो, बदाम कसले देताय? ही ओळ तिला शिकवली कुणी ते विचारा ना! (आईचं म्हणणं, आजीनं. आजीचं म्हणणं आम्ही इथं छापू शकत नाही.)

दुसऱ्या घरात जेवायला हाक मारली की चिरंजीव आतून ओरडतात, "आई, तू म्यूटवर आहेस!" तिसऱ्या घरात तर कहर. पंखा चालू ठेवून बाहेर आलेल्या बापाला लेक विचारते, "बिल काय तुझा बाप भरणार आहे?" आणि बाप, शरम सोडून, मोबाइल काढून म्हणतो, "परत म्हण, परत म्हण!"

पण या सगळ्यांवर कडी केली ती एका वाढदिवसानं. मावशी लांबून आल्या होत्या, चकचकीत कागदात गुंडाळलेला कपांचा सेट घेऊन. आईनं "अय्या, कशाला एवढं!" म्हणत तो हातात घेतला. तेवढ्यात उत्सवमूर्ती पुढे झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वरात विचारती झाली, "आई, हा पण दुसऱ्यांना द्यायच्या कपाटात ठेवू?" मावशींनी केक खाल्ला, पण आईस्क्रीमला थांबल्या नाहीत. या घटनेचा व्हिडिओ मात्र कुणी टाकला नाही. बघा!

पोरांचा यात काडीचाही दोष नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं 1961 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या बालवाडीतली 72 मुलं घेऊन एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातल्या काही मुलांसमोर एक मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला बडवत होतं आणि बडवताना काहीबाही बोलतही होतं. नंतर बाहुला समोर आल्यावर त्यांतल्या बऱ्याच पोरांनी तो तसाच बडवला, वर तोंडानं तीच वाक्यं! म्हणजे कृती, संवाद, सगळं घाऊक भावात उचललेलं. आडात असतं तेच पोहऱ्यात येतं, हे आपल्याकडे विहिरीवरच्या बायकांनाही ठाऊक होतं म्हणा.

मोठ्यांनी बंदोबस्त करून पाहिला नाही असं नाही. कुणी च-च्या भाषेत बोलतं, कुणी आईस्क्रीमचं स्पेलिंग करतं. दोन्ही कुलपं पोरं बालवाडी संपायच्या आत फोडतात, आणि मग शेजारणीसमोर विचारतात, "चडीजा म्हणजे ह्याच का?"

आम्हाला खरा धक्का बसतो तो पुढच्या प्रकारानं. चुकून निघालेलं वाक्य गोड असतं. "परत म्हण" म्हटल्यावर निघालेलं नाटकी. तरी तेच टाकायचं! इन्स्टाग्रामवर स्वतःचं खातं काढायला वयाची 13 वर्षं पूर्ण लागतात, म्हणून साडेतीन वर्षांच्या कलावंताचं खातं आईबाबा चालवतात, आणि आपल्याच घरातली भांडणं, हप्ते, सासूचे टोमणे पोराच्या तोंडून गावभर करतात. पूर्वी चहाड्या करायला निदान शेजारीण तरी लागायची.

तेव्हा बायांनो आणि बाप्यांनो, पुढचा व्हिडिओ टाकण्याआधी तो एकदा आवाज वाढवून ऐका. पुढे पोर काय म्हणतंय ते राहू द्या. मागून स्वयंपाकघरातून जे ऐकू येतंय, तो पुढच्या आठवड्याचा भाग आहे. आणि तरीही टाकणारच असाल, तर आम्हाला आधी पाठवा.