मधल्या दीड मीटरचं टेबल

महापालिकेत प्रकल्प व्यवस्थापन नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या गल्लीत यावं. डिसेंबरात रस्त्याचं काँक्रिटीकरण झालं, अगदी मुदतीत. फेब्रुवारीत जलवाहिनीसाठी तोच रस्ता खोदला, तोही मुदतीत. मग चर बुजवण्याचं वेगळं कंत्राट निघालं आणि त्याचं बिल ३१ मार्चच्या आत मंजूर झालं. चर तेवढा उघडा आहे. पण बिलात तो बुजलेला असल्यानं कागदोपत्री कुणी पडत नाही.

मी कनिष्ठ अभियंत्यांना गाठलं. "रस्ता करताना खालून पाइप जायचाय, हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं ना काका. पण पाइप पाणी खात्याचा. त्यांना पत्र दिलं होतं. हा बघा जावक क्रमांक."

पाणी खात्यात गेलो. तिथल्या साहेबांनीही रजिस्टर उघडलं. "पत्र आलंय की. हा बघा आवक क्रमांक."

दोघांचेही क्रमांक बिनचूक होते. रस्ता फुटला तो जावक आणि आवक यांच्या मधल्या जागेत, आणि त्या जागेला कुठल्याच खात्यात टेबल नाही.

याच जागेचं स्मारक अंधेरीत उभं राहिलं होतं. गोखले पूल धोकादायक म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, पाडला, नव्यानं बांधला. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची एक बाजू खुली झाली आणि मुंबईकरांनी मान वर करून पाहिलं, तर शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल सुमारे दीड मीटर खाली! रुळांवर जास्त उंची हवी म्हणून नवा पूल वर गेला होता. जुन्याला तसं कुणी कळवलं नसावं. एरवी पूल दोन काठ जोडतो. इथं दोन पुलांनाच जोडायला पूल हवा होता.

यातली खरी गंमत नावांत आहे. गोपाळ कृष्ण गोखले हे पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले. सी. डी. बर्फीवाला यांनी आयुष्य घातलं ते अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेत. तिचं स्थानिकराज भवनही अंधेरीत बर्फीवाला मार्गावरच आहे. नगर कारभाराचे हे दोन जाणकार एकमेकांसमोर उभे, आणि मध्ये दीड मीटरची पोकळी. स्थानिक स्वराज्याचं इतकं नेमकं शिल्प ठरवून करायचं म्हटलं असतं, तर निविदेतच दहा वर्षं गेली असती.

पुढे तज्ज्ञ आले, जॅक लागले, बर्फीवाला पूल उचलला गेला आणि जुलै २०२४ मध्ये दोघांची गाठ पडली. म्हणजे आपल्याकडे पूलही उचलता येतो; बांधण्याआधी फोन तेवढा उचलता येत नाही.

प्रकल्प व्यवस्थापन म्हणजे फार मोठी विद्या आहे, असं सल्लागार मंडळी रंगीत तक्ते दाखवून सांगतात. घरात लग्न काढणाऱ्या कुठल्याही मावशीला ते येतं. हॉल ठरला का, हे विचारल्याशिवाय ती पत्रिका छापायला देत नाही. आचारी आणि मांडववाला एकाच दारात एकाच वेळी अडकणार नाहीत, हे ती बघते. तिच्याकडे जावक रजिस्टर नसतं. तिच्याकडे दोष असतो. काही चुकलं, तर सगळे तिच्याकडेच बोट दाखवणार, हे तिला पक्कं ठाऊक असतं. महापालिकेत निधी आहे, यंत्रं आहेत, अभियंतेही हुशार आहेत. ज्याच्याकडे बोट दाखवावं, असा माणूस मात्र मंजूर पदांच्या यादीत नाही.

म्हणून मी लेखी सूचना केली: प्रत्येक कामाला एक मावशी नेमावी. खिडकीवरच्या कारकुनानं अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"हे नक्की कुठल्या खात्याचं?"

"दोन खात्यांच्या मधलं."

"मग दोन्हीकडे एकेक प्रत द्या."

आता माझ्याकडेही दोन आवक क्रमांक आहेत. ते एकमेकांना जुळवायला जॅक कुठे भाड्यानं मिळतो, तेवढं कुणी सांगावं.