अंतरज्ञ काका

मुलगा न्यू जर्सीत स्थायिक झाला की पुण्यातील निवृत्त पित्याच्या ठायी जे ज्ञान उद्भवते, त्यावरून अंतरज्ञ काकांचा वर्ग ओळखला जातो. सोसायटीच्या बाकावर कुणी सहज "अमेरिका फार लांब" म्हणाले, की ते "किती लांब?" एवढेच विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता पृथ्वीगोल आणायला वर जातात. गोलाबरोबर काकूंच्या शिवणाच्या डब्यातला दोराही खाली येतो. मुंबईपासून न्यू जर्सीतील न्यूअर्कपर्यंत ताणलेला हा दोरा महावृत्ताचा, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राशी ज्याचे केंद्र जुळते अशा वर्तुळाचा कंस दाखवतो, आणि दोन स्थळांमधील सर्वांत जवळची वाट तीच असते. भिंतीवरच्या नकाशातील सरळ रेघ अरबस्तान व उत्तर आफ्रिका ओलांडते, दोरा मात्र नॉर्वे आणि आइसलंडवरून जाऊन सुमारे १२,५५० किलोमीटर भरतो, हे ऐकल्याखेरीज श्रोत्याला भाजीची पिशवी उचलता येत नाही.

वेळेचे प्रकरण याहून लांबते. जेट प्रवाह, म्हणजे सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वाऱ्याचा पट्टा, जाताना आडवा येतो व परतताना पाठ राखतो. म्हणून जाताना सोळाएक तास लागले तरी येताना तासभर वाचतो. तिकिटावरची वेळ काकांना मान्य नसते, कारण तिच्यात विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर उभे राहीपर्यंतचा सारा काळ धरलेला असतो, शिवाय कंपन्या तो वाढत्या अंगाच्या मुलाच्या सदऱ्यासारखा सैल बेततात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा गोलावर टाचणी रोवून दोऱ्याला वळसा देण्यात आला. दोरा अपुरा पडल्याने दुसरे रीळ उलगडले गेले आणि काकूंच्या परकराची टीप दिवाळीपर्यंत लांबली.

पुण्याहून मुंबईचा विमानतळ दीडशे किलोमीटरवर असून तेथे पोहोचण्यास किती वेळ लागेल, हे मात्र या वर्गातील कुणीही छातीठोकपणे सांगत नाही. खंडाळ्याच्या घाटात विद्या संपते.

तरीही एक गोष्ट, नाइलाजाने का होईना, नोंदवावी लागते. सोसायटीतील कुणाचेही मूल परदेशी निघाले की काका रात्रभर फोनवर त्या विमानाचा माग ठेवतात आणि विमान उतरताच, आईबापांना जाग येण्याआधी, "चाके टेकली" असा निरोप धाडतात. न्यूअर्क उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते, हे गणित त्यांनी नातवाच्या झोपेसाठी पाठ केले. नातू आता मोठा झाला असून फोनवर क्वचितच सापडतो, गणित मात्र चुकत नाही. वाचकांनी अशा गृहस्थांना अंतर कधीही विचारू नये. आपले माणूस विमानात असेल, तर मात्र त्यांचा नंबर जवळ ठेवावा.