बाटली फोडणाऱ्या भाऊंस, लळिंगच्या उतारावरून

श्री. रा. रा. बाटलीफोडे भाऊ,
मु. लळिंग कुरण, जि. धुळे, यांस सप्रेम नमस्कार.

आपली समोरासमोर गाठ पडलेली नाही. आपण उठून गेल्यावर जे मागे राहते, त्यावरूनच काय ती ओळख: चकण्याची पिशवी, गुटख्याच्या पुड्या आणि दगडावर आपटून फोडलेली बीअरची बाटली. गेल्या बुधवारी त्याच बाटलीचा बोटभर तुकडा माझ्या मागच्या टायरमध्ये घुसला. आभार मानायचे राहून गेले होते.

मी अवधानच्या एमआयडीसीत हिशेब लिहितो. डबा साडेअकरालाच उरकायचा आणि जेवणाच्या सुट्टीत गिअरची सायकल हाणत लळिंग गाठायचे, हा माझा नाद. साहेबांच्या मते हा शुद्ध वेडेपणा. गेटवर अर्धा तास तंबाखू मळणे मात्र कामकाजात धरले जाते. डोंगरातली सायकल 1996 पासून ऑलिंपिकमध्ये आहे, असे सांगून पाहिले, तर तिथे पगार कोण देतो म्हणाले. ते असो. मुरूम उपसणाऱ्या ट्रॅक्टरांचे असो, मागे लागणाऱ्या कुत्र्यांचेही असो. ‘इतला उन्हमा कथा जाई राहिना भो?’ असे रोज विचारणाऱ्या गुराख्याला माझ्याकडे उत्तर नाही, तेही असो.

आपल्याबद्दल मात्र ‘असो’ म्हणवत नाही.

धुळे-नंदुरबार पट्ट्यात लाव्हाच्या भेगांत रस गोठून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती तयार झाल्या आहेत. भूगर्भाचे अभ्यासक त्यांना डाईक म्हणतात. तसल्याच दगडाचे कोनदार तुकडे आमच्या उतारावर पसरलेले असतात. उतरताना बूड सीटच्या मागे न्यायचे, ब्रेकवर एकच बोट ठेवायचे आणि नजर चाकावर न ठेवता पुढच्या वळणावर ठेवायची. चाकाखाली दगड सरकतो, तेही चालते. वेडी बाभूळ टोचते, सराटा टोचतो, त्याचीही तक्रार नाही; ट्यूबलेस टायरमधले सीलंट काट्याचे भोक जागच्या जागी बुजवते. काचेचे तसे नाही. ती चीर पाडते, आणि पाडते ती टायरच्या बगलेत, जिथे रबर सर्वात पातळ असते.

आणि आपण जागा तरी कोणती निवडता! सपाटी सोडून नेमकी घळीतली ती मुरड, जिथे ब्रेक दाबल्यावाचून गत्यंतर नाही. वाळलेल्या कुसळीत तपकिरी काच दिसतही नाही. फस्सकन हवा गेली, पांढरे सीलंट पिंढरीवर उडाले. टायर उतरवला, आत ट्यूब घातली, आणि ती चिरेतून बाहेर येऊ नये म्हणून दहाची नोट चार घड्या करून आतून लावली. तशीच लंगडत परत आणली. साहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा मांडली.

अरे, पण फोडायची कशाला? प्यायलास, संपली, ठेव ना बाजूला! त्या ‘खळ्ळ’ आवाजात असे काय सुख आहे? याच कुरणात अनवाणी पोरे शेळ्या चारतात. शेळीच्या खुरात काच गेली तर कुठले सीलंट ओतायचे? इथल्याच लांडोर बंगल्यात 1937 साली बाबासाहेब मुक्कामाला होते. त्या आठवणीसाठी दर 31 जुलैला माणसे गावोगावहून इथे येतात. त्यांच्या वाटेत ही रांगोळी घालतोस? वर किल्ला बघ. फारुकींचा मलिक राजा 1399 साली वारला, तेव्हा लळिंग थोरल्या मुलाकडे गेले. तेव्हापासून सहाशे वर्षे गेली तरी तट उभा आहे आणि त्याच्याखाली तुझ्याच्याने एक बाटली धड राहत नाही.

पण खरे सांगू? बुधवारी तुझ्याच दगडावर बसून चाक दुरुस्त करत होतो. जागा झकास आहे रे. पाठीला कातळ, डोक्यावर सावली आणि महामार्गाचा आवाज पार खाली. घरी पिण्याची सोय नसेल, बारमध्ये ओळखीचे भेटत असतील, म्हणून भरदुपारी कामावरून सटकून येत असशील. मीही कामावरूनच सटकतो. माणसाला तासभर कोणी हाक न मारता बसता येईल, अशी जागा शहरात आहे कुठे? बागेला दुपारी कुलूप असते. तू आणि मी एकाच डोंगरावर लपायला येतो. मला लोक फिटनेसवाला म्हणतात आणि तुला बेवडा.

तेव्हा भाऊ, तू बसत जा. तुझी जागा मी कोणाला सांगणार नाही. त्या कातळामागच्या बाभळीला उद्या एक गोणी बांधून ठेवतो. बाटली आख्खी तीत टाक. भरली की भंगारवाल्याकडे मी नेईन, पैसे तू घे. होळीपर्यंत एवढे जमव. मग खानदेशातले ऊन असे तापेल की दुपारी तिथे ना तू बसशील, ना मी उतरेन.

आपला,
अवधानचा एक हिशेबनीस