साठवणकाका

साठवणकाकांच्या घरातून आजवर काहीही गहाळ झालेलं नाही. १९८७ पासूनची विजेची बिलं आहेत, कधीच विकून टाकलेल्या स्कूटरच्या आरसी बुकाची झेरॉक्स आहे, मिक्सरचं वॉरंटी कार्ड आहे. मिक्सर नाही. कागदाचा जमाना संपला तेव्हा काकूंना वाटलं होतं, आता जरा कपाटं मोकळी होतील. झाली नाहीत, वर टेराबाइट आले.

हे काका तुम्हाला डोंबिवलीत भेटतील, कोथरुडात भेटतील, नाशिकला गंगापूर रोडवर तर हमखास. नोकरी बँकेत नाहीतर कुठल्यातरी कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात झालेली असते. निवृत्तीनंतर काही जण भजनी मंडळात जातात, काही जण सोसायटीच्या कमिटीत. हे हार्डडिस्ककडे वळतात. त्यांच्या ड्रॉवरमध्ये पाच-सहा एक्स्टर्नल ड्राइव्ह रुमालात गुंडाळून ठेवलेल्या असतात आणि प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी असते : ‘लग्न-मुंज’, ‘युरोप टूर’, ‘इतर’, ‘इतर २’, ‘इतर (नवीन)’. ‘इतर (नवीन)’ ही सर्वांत जुनी.

मग एका दिवाळीत परदेशातला मुलगा विचारतो, ‘बाबा, काय पाठवू?’ आणि काका ‘नॅस’ मागतात. नॅस म्हणजे काळी पेटी, आत दोन हार्डडिस्क, मागे नेटवर्कची वायर. घरातल्या सगळ्यांचं सगळं एका जागी, आणि कुठल्याही फोनवरून, कुठल्याही लॅपटॉपवरून बघता यावं अशी सोय. पेटी टीव्हीशेजारी बसते, निळे दिवे लुकलुकतात, काकू तिच्यावर क्रोशाचा रुमाल घालतात आणि काका ओरडतात, ‘अगं, गरम होईल ती!’

पहिला खटका जागेवरून उडतो. दोन डिस्क चार-चार टेराबाइटच्या. पण काकांनी लावलेलं असतं रेड वन, म्हणजे एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवर, एक गेली तरी दुसरी उभी. ‘म्हणजे पैसे दोनांचे आणि जागा एकीची?’ काकू विचारतात. तीही पुरती नाहीच. लॅपटॉपवर दिसतात ३.६३. काका समजावतात, कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या, फसवणूक कुणाचीच नाही. काकूंनी जन्मभर रद्दीवाल्याचा काटा पाहिलेला असतो. त्या काही बोलत नाहीत.

पण काकांचं खरं दर्शन व्हायचं तर ‘कॉपी’ चालू असताना जावं.

ड्राइव्ह लॅपटॉपला, लॅपटॉप वायफायवर, पेटी राउटरला, आणि न्यायचे असतात दोन टेराबाइट. खिडकीत हिरवी पट्टी उमटते. तिथं आधी लिहून येतं ‘३ दिवस’. मग ‘१७ मिनिटं’. मग ‘१ दिवस’. या आकड्यावर जगात कुणाचाच विश्वास नाही, काकांचाही नाही. तरी ते तो दर वेळी मोठ्यानं वाचतात. दूध तापत ठेवून गॅसपाशी उभं राहावं तसे ते तिथं उभे. बोलायला गेलात तर हातानंच थांबा म्हणतील, जणू तुमच्या आवाजानं एखादी फाइल सांडेल.

वायफायला कंटाळून ते वायर लावतात. वेग मिळतो सेकंदाला ११ एमबी. इथून पुढचा तास तुमचा नाही. राउटरवर ‘गिगाबिट’ लिहिलंय, बरोबर? बिटाला आठनं भागा, १२५ एमबी. वाटखर्च वजा जाता ११० तरी यायला हवेत. मग बरोबर दहावा हिस्सा का? आणि आता सांगितलंच पाहिजे, काका या बाबतीत खरोखर हुशार असतात. टॉर्च तोंडात धरून ते सोफ्यामागे शिरतात आणि इंटरनेट जोडायला आलेल्या पोराची करामत शोधून काढतात. वायरीत आत तारा आठ, चार जोड्या. पोरानं क्लिपमध्ये चारच बसवलेल्या. शंभर मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, त्यामुळे नेट छान चालतं, कुणाची तक्रार येत नाही. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. पाच तासांचं काम पन्नास तासांवर गेलं ते या चार तारांपायी. हा शोध लागल्यावर काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो मुलाच्या लग्नाच्या अल्बममध्ये नाही. मी पाहिलाय अल्बम.

नवी वायर यायला दोन दिवस. तोवर कॉपी थांबवायची? छे! ती जुन्याच वायरीवर चालू राहते आणि घरात संचारबंदी लागते. वायरीवरून चालायचं नाही, वळसा घालून जायचं. लॅपटॉप मिटायचा नाही. इस्त्री लावण्याआधी विचारायचं. एवढं करून रात्री अडीचला विंडोज अपडेट होऊन लॅपटॉप आपला आपण बंद पडून चालू होतो, आणि पट्टी गेलेली असते.

सकाळी चहाला आलेली भाची सहज म्हणते, ‘मामा, या पेटीलाच मागे यूएसबी आहे की. ड्राइव्ह तिथंच लाव, ती आतल्या आत कॉपी करेल. लॅपटॉप नको, वायर नको.’ अगदी खरं आहे. आणि मामांना ते पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

‘तसं केलं तर काय चाललंय ते दिसणार कसं?’ मामा म्हणतात.

मध्येच एक फोल्डर अडतं. नाव काकांनीच दिलेलं : ‘धाकट्या भावाच्या मुलाचा शुभविवाह सोहळा मंगलाष्टका ते सप्तपदी संपूर्ण मूळ प्रत कोणीही हात लावू नये’. ड्राइव्हवर ते सुखानं नांदत होतं, कारण विंडोज अक्षरं मोजतं. पेटीच्या पोटात लिनक्स. तिथं नावाला २५५ बाइटची मर्यादा, आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटीचे वेगळे तीन-तीन. आठ बाइट जास्त होतात. शेवटचा ‘नये’ उडवला की बसतं, पण मग उरतं ‘कोणीही हात लावू’. ‘धाकट्या’ काढावं तर भावजय दुखावेल. बऱ्याच विचारांती काका ‘संपूर्ण’ खोडतात. व्हिडिओवाल्यानं तसंही सप्तपदीच्या वेळी बॅटरी बदलायला घेतली होती.

एकदाचं काम संपतं. ताळा म्हणून काका पहिली फाइल उघडतात. महाबळेश्वरच्या पॉइंटवर स्वतःच्याच अंगठ्याचा फोटो. ‘आला बघ!’ असं म्हणून बंद करतात. बाकीचं उघडून बघण्याची त्यांना गरज वाटत नाही. मुलगी लहानपणीचा गॅदरिंगचा फोटो मागते तेव्हा काकू अल्बममधल्या फोटोवर मोबाइल धरून पाठवून देतात, काका अजून ‘इतर २’ मध्ये असतात. हसू नका. बिल्डिंगमध्ये ज्याचा फोन बादलीत पडतो तो रडत यांच्याच दारात येतो. काका त्याला आधी चहा देतात, मग १९५६ सालच्या आयबीएमच्या डिस्कची गोष्ट सांगतात, टनभर वजन आणि जागा ५ एमबी, तुमच्या बारशाचा एखादाच फोटो मावला असता, आणि मग विचारतात, ‘बॅकअप होता?’

कारण पेटीतल्या दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, हे काका शपथेवर सांगतात. चुकून पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जातं. पीटर क्रोग या अमेरिकी फोटोग्राफरनं रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम त्यांना पाठ असतो : प्रती तीन, माध्यमं दोन, आणि एक प्रत घराबाहेर. ही घराबाहेरची प्रत, दुधाच्या पिशवीत गुंडाळून, साताऱ्याला साडूंकडे जाते. साडू ती माळ्यावर ठेवतो, असं काका समजतात.

गणपतीत साडू ती परत घेऊन येतो. ‘बरीच रिकामी होती हो,’ तो म्हणतो. ‘म्हटलं, वाया कशाला घालवा. आमच्या सोसायटीतले सिनेमे टाकलेत. दोनशे जीबी असतील.’

काकू काकांकडे बघतात. काकांची बोटं हिशेबाला लागलेली असतात.

‘दोनशे ना? नव्या वायरीवर अर्धा तास. आरती झाली की लावतो.’