बंडाला ना-हरकत

रॉक संगीत आणि भिंतींवरची चित्रं या दोन्ही कला जगभर बंडखोर म्हणून मिरवतात. मुंबईत मात्र त्यांची गोची बंडखोरीमुळे नाही, सभ्यपणामुळे झाली आहे, असं माझं ठाम मत आहे. बिचाऱ्या परवानगी मागतात. आणि या शहरात परवानगी मागितली, की नाही म्हणायची सोय आहे हे समोरच्याला आठवतं. धोबीतलावचं रंगभवन घ्या. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ने तिथे लांब केसांची अख्खी पिढी घडवली. ही पोरं तिकीट काढून आत जायची, मान तुटेस्तोवर डोकं हलवायची आणि लोकल पकडून गुमान घरी यायची. मग शांतता क्षेत्राचा नियम आला : इस्पितळ, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत गोंगाट नको. रंगभवनाच्या शेजारी इस्पितळंही आहेत आणि झेवियर्सही. सैतानाची शिंगं दाखवणाऱ्या मंडळींनी चकार शब्द न काढता गाशा गुंडाळला.

आता कुणी विचारेल, मग रुग्णांनी काय कानात बोळे घालून पडायचं? प्रश्न रास्त आहे. गिटारवाल्यांच्या आईवडिलांनीही तो वेळोवेळी विचारलेला असणार. पण त्याच नियमावलीत, सणासुदीला वर्षातले पंधरा दिवस लाउडस्पीकरची वेळ रात्री दहावरून बारापर्यंत वाढवायची मुभा सरकारला आहे. गणपती, नवरात्र त्यात सुखाने बसतात. विसर्जनाच्या डीजेने इस्पितळाच्या काचा थरथरल्या, की आपण त्याला उत्साह म्हणतो. तेव्हा आक्षेप आवाजाला नसून वाजवणाऱ्यांच्या संख्याबळाला आहे. ‘हे संगीत आपलं नव्हे’ हा दुसरा आक्षेप तर त्याहून लंगडा. लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ध्वनिमुद्रण केलं आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये वाजवूनही गेले. तेव्हा आपली संस्कृती बुडाल्याची नोंद नाही.

चित्रांची तऱ्हा याहून सोज्वळ. सेनापती बापट मार्गावरची, म्हणजे जुन्या मुंबईकरांच्या तुळशी पाइप रोडवरची, रेल्वेलगतची लांबलचक भिंत २००९ मध्ये लोकांनी रंगवली, ती पालिकेच्या संमतीने. वांद्र्याला दादासाहेब फाळके झळकतात ते एमटीएनएलच्या इमारतीवर, गांधीजी चर्चगेट स्थानकावर. बंडाला भिंत सरकारी आणि हरकत कुणाचीच नाही! यावर कट्टर मंडळी नाक मुरडतात : परवानगीने काढलेलं चित्र म्हणजे रंगसफेदी, खरी कला रात्री चोरून होते. पण विद्रूपीकरणाविरुद्धचा कायदा १९९५ पासून असूनही मूळव्याधीचे वैद्य, विनातारण कर्जवाले आणि वशीकरणवाले बाबा भरदिवसा भिंती रंगवत आले आहेत. वरून भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. या गर्दीत चोरून काढलेल्या चित्राला बंड म्हणून ओळखणार कोण? पैसे किंवा मत न मागणारी भिंत दिसली, तरच मुंबईकर संशयाने थबकतो.

आणि कला रस्त्यावरच्या माणसाला हलवते का, हीच कसोटी लावायची असेल, तर पहिला नंबर जिन्याच्या कोपऱ्यातल्या देवांच्या फरश्यांचा. गुडघाभर उंचीवर ओळीने गणपती, साईबाबा, येशू, मक्का. वर तांबूस डागांचा जुना थर, फरश्यांपाशी मात्र भिंत लख्ख. सर्वधर्मसमभावाचं इतकं रोकडं प्रदर्शन कुठल्या आर्ट गॅलरीने भरवलेलं नाही. तरीही पानवाल्यांत नेमबाज असतातच. ते दोन देवांमधली वीतभर जागा अचूक साधतात, मग सोसायटीचे सेक्रेटरी तिथे आणखी एक देव बसवतात. त्यासाठी कुणी वॉर्ड ऑफिसात अर्ज केल्याचं अजून ऐकिवात नाही.