सामाईक सातबाऱ्यातला अणू

डिसेंबर २०२५मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा केला आणि त्याचं नाव ठेवलं 'शांती'. पोराचं नाव शांताराम ठेवलं की ते रडायचं थांबतं, अशी आमच्या रत्नागिरीत समजूत नाही, दिल्लीत असावी. आता खासगी कंपन्याही अणुभट्टी घालणार. छोट्या भट्ट्यांसाठी त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात वीस हजार कोटींची सोय आधीच झाली होती.

छोटी म्हणजे केवढी? तर २२० मेगावॅटपर्यंत. शेजारचे भाऊ ट्रान्सफॉर्मरएवढी समजून परसातल्या माडाखाली जागा मोजून आले.

मोठीचा अनुभव आम्हांला आहे. माडबनच्या सड्यावर १६५० मेगावॅटच्या सहा यायच्या होत्या. २०१०मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी दिल्लीत आले, करार झाले. जमीन गेली, कुंपण आलं. एप्रिल २०११मध्ये आंदोलनावर गोळीबार झाला, त्यात साखरी नाट्याचा एक तरुण गेला. भट्टी अजून यायचीय.

राज्यघटनेनुसार अणुऊर्जा केंद्राच्या यादीत, जमीन राज्याच्या. म्हणजे अणू दिल्लीचा, पण तो ठेवायचा कातळ तलाठ्याच्या दप्तरातला. तेव्हा राज्याने जागेपुरता कायदा करावा, म्हणून मसुदा मीच लिहून ठेवलाय. (माझ्या संडासाच्या टाकीच्या दाखल्याला दोन पावसाळे लागले, तेवढा अनुभव पुरे.) आमच्याकडे कलम म्हटलं की हापूसचं, पण ही कलमं निराळी.

कलम पहिलं : मोठ्या भट्टीभोवती निदान किलोमीटरभर वस्ती चालत नाही, छोटीसाठी हे अंतर कमी करायचं घाटतंय. उगाच घाटतंय. कोकणात किलोमीटरभर माणूस नसलेली जागा मिळेल, हिस्सेदार नसलेली वीतभर मिळायची नाही.

कलम दुसरं : सातबाऱ्यावरच्या सर्वांची संमती. भाऊंच्या सातबाऱ्यावर सतरा नावं. नऊ मुंबईला, तिघं वारलेले पण नाव लागलेलंच, एक चुलतभाऊ फणसाच्या फांदीवरून बोलत नाही. अणू फोडायला शास्त्रज्ञ आहेत. हा सातबारा फोडायला कोण येणार?

तरी शिमग्याला पालखीच्या निमित्ताने हयात असलेले सगळे एकत्र आले, तेव्हा भाऊंनी कागद पुढे केला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग फणसवाले चुलतभाऊ इतक्या वर्षांत पहिल्यांदा भाऊंशी बोलले,

"भट्टी घाल हो. पण गडगा तुझ्या हद्दीत!"